तीन-चारकडे लक्ष असू द्या

माझ्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट तपासल्याशिवाय घरात घेतलेली नाही. यात दूध आलं, गॅसचं सिलिंडर आलं, सत्यनारायणाला आलेले गुरुजी आले आणि जावईसुद्धा आला. जावयाच्या बाबतीत तर होकार कळवण्याआधी ते त्याच्या कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर तीन दिवस चहा पीत बसले होते. चौथ्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण सुट्टी व्हायच्या सात मिनिटं आधीच हात धुवायला जातो." लग्न झालं, दोन नातवंडं झाली, पण ती सात मिनिटं काही त्यांच्या मनातून गेली नाहीत. एकदा अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर दवाखान्यात पडले असताना मी भेटायला गेलो, तर हे सलाईनचे थेंब मोजत होते. मला बोटाने गप्प राहायला सांगितलं आणि मिनिट पूर्ण झाल्यावर नर्सला हाक मारली. ती बिचारी धावत आली. "काही नाही," हे म्हणाले, "बरोबर आहे."

त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. थोरली त्यांच्याकडे, म्हणून मी त्यांना साडूभाऊ म्हणतो आणि ते मला नुसतं साडू. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. तिथे एक रिव्हेट ढिला राहिला तरी माणसाचा जीव जाऊ शकतो, त्यामुळे संशय हा तिथे अवगुण नव्हता, संशयाचाच त्यांना पगार मिळत होता. अडचण एवढीच होती की संध्याकाळी रिकाम्या डब्याबरोबर तो संशयही ते घरी घेऊन येत. पिंपळगावला द्राक्षांची पेटी घ्यायला गेले की वरचा थर उचलून खालचा बघत, मग त्याच्याही खालचा. "साहेब, द्राक्षं हायेत, दागिनं नाय," एक शेतकरी वैतागून म्हणाला होता. यावर यांनी शांतपणे सांगितलं की दागिने निदान वरून खालून सारखे असतात.

नव्वदच्या सुमाराला आमच्या कॉलनीच्या गणपतीत बायकांची संगीत खुर्ची होती. साडूभाऊंना बरेच दिवस वाटत होतं की टेपरेकॉर्डर चालवणारा माणूस चोरून बघतो आणि ओळखीची बाई खुर्चीजवळ आली की गाणं थांबवतो. त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांना लेखी अर्ज दिला आणि त्या माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायला लावली. आता डोळ्यांवर पट्टी असलेल्या माणसाला बटणं कशी दिसणार? कॅसेट बदलताना त्याच्या हाताला आरत्यांची कॅसेट लागली आणि बोट पडलं नेमकं रेकॉर्डिंगच्या लाल बटणावर. पुढे तीन वर्षं आमच्या कॉलनीत दुर्गे दुर्घट भारी सुरू झालं की दुसऱ्या कडव्यात साडूभाऊंचा आवाज यायचा, "थांबा, थांबा, हा अन्याय आहे!" आणि लहान मुलं टाळ्या वाजवत तेवढी ओळही म्हणायची.

कारखान्यातून त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि तपासायला काही उरलं नाही. अक्का, म्हणजे त्यांची बायको, त्या दिवसांत अगदी मेटाकुटीला आली होती. कुकरच्या शिट्ट्यांची नोंद ठेवणाऱ्या माणसाबरोबर दिवसभर राहायचं म्हणजे गंमत नव्हे. अशात दोन हजार दोन की तीन साली गंगापूर रोडवर एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बोलिंगचं सेंटर निघालं. लांबलचक गुळगुळीत लाकडी पट्टी, तिला लेन म्हणायचं. टोकाला दहा बाटल्यांसारख्या पिन्स. हातातला जड बॉल घरंगळत सोडायचा आणि त्या पाडायच्या. दोन्ही बाजूंना गटर, त्यात बॉल पडला की शून्य. नाशिकला हे सगळं नवीन होतं. मुलीने दिलेलं फुकटचं कूपन घेऊन साडूभाऊ मला सोबत घेऊन गेले ते खेळायला नव्हे, यात फसवणूक कुठे आहे ते शोधायला.

पहिला संशय भाड्याने मिळणाऱ्या बुटांवर. दुसरा पिन्सवर, कारण पाडलेल्या पिन्स एक यंत्र पडद्यामागे उचलून पुन्हा उभ्या करतं. "जे पडद्यामागे चालतं ते खरं कशावरून?" असं त्यांनी मॅनेजरलाच विचारलं. तिसरा संशय स्वतःच्या बॉलवर. तीस वर्षं पान्हा फिरवलेलं मनगट ते, बॉल सोडताना आपोआप आत वळायचं, आणि बॉल अर्ध्या वाटेपर्यंत नीट जाऊन मग डावीकडे कलायचा आणि गटरमध्ये विसावायचा. दर वेळी. साडूभाऊंनी लेनवर ओणवं होऊन लेव्हल बघितली. शेवटी मॅनेजरने त्यांना वाटेला लावण्यासाठी खरं काय ते सांगून टाकलं. "काका, लेनला तेल असतं."

साडूभाऊंच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे पसरलं त्याला मी आनंदच म्हणेन. लेनच्या पहिल्या दोन-तृतीयांश भागाला रोज तेलाचा पातळ हात देतात, मधे जास्त, कडेला कमी. तेल आहे तिथे बॉल घसरत सरळ जातो, कोरडं आहे तिथे पकडतो आणि वळतो. खेळता खेळता ते तेल पुसलं जातं, पुढे ओढलं जातं, म्हणजे सकाळची लेन दुपारी तीच राहत नाही. आणि हे सगळं डोळ्यांना दिसत नाही. कुणी जिंकायचं ते ठरवणारी आणि कुणालाच न दिसणारी अशी एक वस्तू जगात आहे, याची साडूभाऊ जन्मभर वाट बघत होते. घरी जाताना स्कूटर थांबवून मला म्हणाले, "साडू, आपण यांच्या लीगमध्ये नाव घालायचं."

लीग रविवारी सकाळी असायची. सहा लेन, सहा टीम, प्रत्येकीत तिघे. आमच्या टीममध्ये साडूभाऊ, मी आणि पिंपळगावचे एक कांद्याचे व्यापारी, जे मुख्यतः एसीत बसायला यायचे. साडूभाऊंनी पहिल्याच आठवड्यात अर्ज केला की तुलनेच्या सोयीसाठी आमच्या टीमला हंगामभर एकच जोडी मिळावी, लेन तीन आणि चार. दर रविवारी समोरची टीम तिथेच येऊन आमच्याशी खेळेल. मालकाने कटकट नको म्हणून होकार दिला. दुसऱ्या आठवड्यातला अर्ज एका डेंटिस्टविरुद्ध होता. हा तरुण डेंटिस्ट चांगला खेळायचा, स्वतःचा बॉल घेऊन यायचा आणि डावखुरा होता. सगळे उजव्या बाजूने खेळून उजवीकडचं तेल पुसून टाकतात आणि याच्या वाटची डावी बाजू अनाघ्रात राहते, सबब डावखुऱ्यांना एक आड एक बॉल उजव्या हाताने टाकायला लावावा, असा तो अर्ज. डेंटिस्ट हसत म्हणाला, "काका, मग दातही एक आड एक उजव्या हाताने काढू का?" साडूभाऊंची त्याच्याकडे मंगळवारी दाढ काढायची वेळ ठरली होती, ती त्यांनी तिथल्या तिथे रद्द केली आणि हंगामभर डाव्या बाजूने जेवले.

दुसऱ्या महिन्यात तेल लावायचं यंत्र बिघडलं. त्याचा भाग परदेशातून यायचा होता, त्यामुळे किसन नावाचा तिथला कामगार हातानेच तेल लावू लागला, आधी फवारा आणि मग रुंद पुसणं. किसन दिंडोरीकडचा, आधी द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये होता, हात अतिशय हलका. पण हाताने म्हटल्यावर साडूभाऊंची झोप उडाली. "यंत्र चुकतं, साडू. हात मुद्दाम चुकवतो." डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं, असं ते म्हणाले आणि आपण काय म्हणालो ते लक्षात येऊन जरा लाजले. मग त्यांनी किसनला विश्वासात घ्यायचं ठरवलं. दर रविवारी आठ वाजता ते थर्मासमधून चहा आणि चिवड्याचा पुडा घेऊन जायचे, जिन्यात त्याच्याबरोबर बसायचे, तेल किती घेतोस, किती वेळ पुसतोस असं काढून घ्यायचे, आणि उठताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "किसनराव, तीन-चारकडे लक्ष असू द्या."

आता, लक्ष असू द्या या शब्दांचा अर्थ आपल्याकडे शाळेपासून तहसील कचेरीपर्यंत कुणालाही विचारा. परीक्षेच्या आधी मुलाला घेऊन बाप मास्तरांकडे जातो आणि जाताना म्हणतो, लक्ष असू द्या. साहेबाच्या टेबलावर आंब्याची पेटी ठेवून उठणारा माणूसही दुसरं काही बोलत नाही. अख्ख्या जिल्ह्यात हे शब्द कोशातल्या अर्थाने वापरणारा माणूस एकच होता, आणि तो चहा-चिवडा पुढे ठेवून ते वापरत होता. किसन मान डोलवायचा. "साहेब, तुम्ही काळजीच करू नका."

या चहा-चिवड्याच्या चौथ्या का पाचव्या रविवारी माझं घड्याळ पुढे गेलं होतं म्हणून मी लवकर पोचलो. किसनने सहाही लेन पुऱ्या केल्या, कंबर सरळ केली आणि पुन्हा तीन-चारवर आला. दोन्ही लेनना तेलाचा आणखी एक सढळ हात. मला बघून तो ओशाळला नाही की काही नाही, आपलेपणाने हसला. "साहेबांनी सांगितलंय ना," म्हणाला. "त्यांचा बॉल लय डावीकडं पळतो. तेल असलं का नाय पळत."

मला एका क्षणात सगळं कळलं. साडूभाऊ खाली जिन्यात थर्मास आवरत होते, ते वर आले की सांगायचं असं ठरवूनच मी बूट बांधत होतो. पण ते आले आणि मी बोलायच्या आत त्यांनी पहिला बॉल टाकला. बॉल अर्ध्या वाटेपर्यंत गेला आणि पुढेही सरळच गेला. दहाच्या दहा पिन्स आडव्या झाल्या. साठीला आलेला तो माणूस भाड्याच्या बुटांत जागच्या जागी उडी मारून वळला आणि आधी माझ्याकडे बघितलं. ऐंशीच्या वर कधी न गेलेल्या माणसाने त्या दिवशी एकशे एकतीस केले. समोर डेंटिस्टची टीम होती. त्यांचे वळणारे बॉल त्या तेलावर वळेनात, नुसते घसरत गेले. संध्याकाळी अक्काचा माझ्या बायकोला फोन आला, "अगं, हे जेवताना हसले." मग मी काय सांगणार? एक रविवार गप्प बसलो. दुसऱ्या रविवारी सांगणं जास्त अवघड झालं, आणि चौथ्या रविवारी तर मी त्यांच्याबरोबर टाळ्या देऊ लागलो होतो. चुकलंच माझं, पण तेव्हा ते चूक वाटत नव्हतं.

साडूभाऊंची चौकशी अर्थातच चालू होती. शाळेत असतो तसा टिपकागद आणून त्याच्या पट्ट्या कापायच्या, किसनने तेल लावल्यावर मोजून ठरावीक जागी दाबायच्या, मागे लेन नंबर आणि फूट लिहायचे. पण नमुने घेतले ते एक-दोन आणि पाच-सहाचे, कारण लबाडी असली तर तिथेच असणार. आपल्याही लेनचा नमुना घ्यावा हे त्यांच्या मनात आलं नाही. शेवटच्या रविवारी, निव्वळ तक्त्यात रिकामी घरं बरी दिसत नाहीत म्हणून, त्यांनी तीन-चारवर पट्ट्या दाबल्या. त्या दिवशी आम्ही लीग जिंकलो. पुढच्या रविवारी बक्षीस समारंभ होता. टीमला मोठा कप आणि साडूभाऊंना वेगळा एक छोटा कप मिळणार होता, हंगामात सर्वाधिक प्रगती करणारा खेळाडू म्हणून. शाळेपासून त्या दिवसापर्यंत त्यांना कधी कुठलं बक्षीस मिळालेलं नव्हतं. अक्काने शोकेसमधल्या बाहुल्या हलवून जागा केली होती.

पण त्याआधीच मंगळवारी त्यांनी मला बोलावलं. खिडकीच्या काचेवर पट्ट्या ओळीने चिकटवल्या होत्या. तीन-चारच्या पट्ट्या भजी काढलेल्या कागदासारख्या पारदर्शक झाल्या होत्या. "सापडलं!" ते म्हणाले. "आपल्याच लेनवर दुप्पट तेल. आपल्याला बुडवायचा डाव होता, साडू!"  ते दर रविवारच्या स्कोअरच्या वहीतले आकडे बघत राहिले. मग हळूच वहीचं मागचं पान उलटलं, मग त्याच्या मागचं. 

"माझा बॉल यंत्र बिघडल्यानंतरच सरळ जायला लागला," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे मी सुधारलो नाही."

एवढं ते इतक्या लहान आवाजात म्हणाले की अक्का आतून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किसनला गाठलं. साडूभाऊंनी विचारलं, तीन-चारवर जास्त तेल कुणाच्या सांगण्यावरून लावलंस. किसन गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिला. मी खाली बघितलं.

"तुमच्याच की साहेब."

"मी कधी सांगितलं?"

"दर रविवारी सांगितलं ना! च्या पाजून सांगितलं, चिवडा देऊन सांगितलं, लक्ष असू द्या. आता याच्याहून काय सांगत्यात माणसं?"

साडूभाऊ जिन्यातच बसले. आयुष्यभर ज्यांनी कुणाचा पेढाही घेतला नाही, त्यांनी दुसऱ्या महिन्यापासून दर रविवारी एका गरीब माणसाला लाच दिली होती, आणि वर आपण तपास करतोय असं समजत होते. किसन त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "मालकाला नका सांगू साहेब. मला काढून टाकत्याल. हंगाम सरला, पॅकहाउसलाबी आता काम नाय."

पुढचे तीन दिवस साडूभाऊंनी काहीच तपासलं नाही. दूध तसंच आत जाऊ लागलं तेव्हा अक्का घाबरून गेली आणि डॉक्टरला बोलावू का म्हणून मला विचारू लागली. मला त्यांची अडचण कळत होती. कप घेतला तर ती लबाडी, आणि लबाडी त्यांच्याने पचली नसती. खरं सांगावं तर किसनची नोकरी जाणार. एवढ्या वर्षांत त्यांनी शेकडो अर्ज केले, पण त्यातला एकही असा नव्हता की ज्याने कुणाची भाकरी जाईल.

रविवारी समारंभात त्यांचं नाव पुकारलं. ते उठले, कपाकडे न बघता सरळ माइककडे गेले. लोकांत हशा पिकला, आता कुणाविरुद्ध अर्ज म्हणून. डेंटिस्टने गमतीने डावा हात वर केला. साडूभाऊंनी खिशातून कागद काढला, तो वाचला नाही, पुन्हा घडी करून ठेवला.

"लेन तीन आणि चारवर या हंगामात दुप्पट तेल होतं," ते म्हणाले. "ते माझ्या सांगण्यावरून होतं. माझा बॉल सरळ जावा म्हणून. कामगाराला मी तपासणीसाठी हवं आहे असं सांगितलं होतं, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. दोन्ही कप दुसऱ्या नंबरच्या टीमला द्यावेत."

सांगण्यावरून हे खरं होतं. बाकीचं खोटं होतं, आणि माझ्या माहितीत त्यांनी चारचौघांत बोललेलं ते पहिलंच खोटं. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मालकाने घसा खाकरला. मागे कुणीतरी म्हणालं, "बघा, जो जास्त ओरडतो ना, तोच असतो." किसन कोपऱ्यात एकच बॉल पुन्हा पुन्हा पुसत होता. दुसऱ्या नंबरावर डेंटिस्टचीच टीम होती, त्याने मोठा कप घेतला. छोटा मात्र कुणी घेतला नाही, तो टेबलावरच राहिला. मी तिसऱ्या रांगेत बसून होतो. उठून उभं राहावं आणि मलाही माहीत होतं असं सांगावं, असं मला वाटत होतं. मी उठलो नाही.

परतताना त्यांनी कॉलेजच्या पुढे स्कूटर बाजूला घेतली आणि हेल्मेट काढलं. "माफ करा, साडू," ते म्हणाले. "तुमचा कपही माझ्यापायी गेला." मी नाही नाही म्हणत राहिलो. त्यांना मात्र एकच गोष्ट छळत होती, हे आणखी कुणाकुणाला माहीत असेल. मालकाला असणार. डेंटिस्ट हुशार आहे, त्यालाही असणार. मग म्हणाले, "आणि आपले कांद्यावाले? व्यापारी माणूस, त्यांनी ओळखलं असेल आणि कपासाठी गप्प बसले असतील."

"कदाचित," मी म्हणालो.

"तुमच्या लक्षात आलं असतं तर तुम्ही मला तिथल्या तिथे सांगितलं असतंत," ते म्हणाले. "तेवढं एक बरं आहे."

मी "हो" म्हणालो.

त्याला आता पाच-सहा वर्षं होतील. ते सेंटर पुढे चाललं नाही, तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. किसन शेवटपर्यंत तिथेच होता. कॉलनीत अजून काही जण साडूभाऊंना बघून एकमेकांना कोपर मारतात, आणि ते मान खाली घालून पुढे जातात. सांगून टाकायचं असं ठरवून मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. दोन्ही वेळा दार त्यांनीच उघडलं, "या, या, साडू!" म्हणून हाताला धरून आत नेलं, अक्काला पोहे करायला सांगितले. पोहे खाऊन मी परत आलो.